यंत्रावर घडलेला हात रुग्णाच्या तोंडात चालतो का? दंतशिक्षणातील डिजिटल संशोधनाची दिशा

बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, पहिल्या वर्षी विद्यार्थी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला शिकतो, दुसऱ्या वर्षी प्रीक्लिनिकलच्या, म्हणजे रुग्णाआधीच्या सरावाच्या, प्रयोगशाळेत फँटम हेडमध्ये, म्हणजे कृत्रिम डोक्यात, बसवलेल्या कृत्रिम दातावर कॅव्हिटी (भरावासाठीचा खड्डा) कापतो, आणि तिसऱ्या वर्षी त्याच्यासमोरच्या खुर्चीवर खराखुरा रुग्ण येऊन बसतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षातले हे अंतर कागदावर एका परीक्षेचे असले, तरी प्रत्यक्षात ते फार मोठे असते. फँटम हेडला लाळ सुटत नाही, त्याची जीभ मध्ये येत नाही आणि दुखले म्हणून ते डोके मागे घेत नाही. दाढेच्या उंचवट्यावरही इनॅमलची, म्हणजे दाताच्या बाहेरच्या थराची, जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर असते आणि एअरोटरचा, म्हणजे दात कापण्याच्या यंत्राचा, बर (फिरणारे पाते) मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेरे घेतो, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूक डोळ्याचे पाते लवायच्या आत होऊन जाते, आणि कापलेला दात पुन्हा वाढत नाही. दंतशिक्षणातील डिजिटल तंत्रज्ञानावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे संशोधन झाले, त्याचा बराच मोठा भाग हे अंतर कमी कसे करावे याच प्रश्नाभोवती फिरतो.

या संशोधनाचा आढावा घेणारे लेख आता नियमितपणे प्रसिद्ध होतात. त्यांत आभासी वास्तव, हॅप्टिक सिम्युलेटर, त्रिमित छपाई, कृत्रिम बुद्धिमत्ता हे शब्द इतक्या दाटीने येतात की बाहेरच्या वाचकाला, आणि पुष्कळदा दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही, त्यामागचे मूळ प्रश्न दिसेनासे होतात. ते प्रश्न साधे आहेत. यंत्रावर शिकलेला हात रुग्णाच्या तोंडात चालतो का, आणि चालतो किंवा चालत नाही हे आपण कशावरून ठरवायचे? माझे मत असे की यंत्रे सुधारण्यावर जेवढी मेहनत झाली आहे, त्या मानाने या दुसऱ्या प्रश्नाकडे फारच कमी लक्ष गेले आहे.

स्पर्श निर्माण करणारे यंत्र

रुग्णाऐवजी कृत्रिम डोक्यावर सराव करण्याची कल्पना जुनी आहे. ऑस्वाल्ड फर्गस यांनी १८९४ मध्ये फँटम हेड वापरात आणले, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या एक वर्ष आधी. आजच्या फँटम हेडला रबरी गाल आले, पाण्याचा फवारा आला, मान हवी तशी वळवता येऊ लागली, पण मूळ कल्पना तीच राहिली आहे. त्याची सर्वांत मोठी उणीव दातात आहे. प्लास्टिकचा टायपोडोंट दात बहुतेक वेळा आतून एकजिनसी असतो. खऱ्या दातात मात्र कडक इनॅमल संपून त्याखालचा डेंटिनचा थर सुरू झाला की बरला होणारा विरोध एकदम कमी होतो, आणि किडलेला भाग त्याहूनही मऊ लागतो. हा फरक हाताला कळणे, हेच तर शिकायचे असते. म्हणूनच प्रीक्लिनिकल सुरू होण्याआधी विद्यार्थी काढलेले खरे दात जमवायला लागतात, ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बरणी ठेवून येतात आणि त्यातून कीड न लागलेली, मूळ शाबूत असलेली दाढ मिळाली तर ती जपून ठेवतात. पण खऱ्या दातांतला एक दुसऱ्यासारखा नसतो. त्यामुळे दोन विद्यार्थ्यांच्या कामाची त्यावर नीट तुलना करता येत नाही, आणि जंतुसंसर्गाची काळजीही घ्यावी लागते.

या अडचणीवरचा उपाय दंतवैद्यकाच्या बाहेरून आला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये टॉमस मॅसी आणि केनेथ सॉलिसबरी यांनी संगणकातील वस्तूचा स्पर्श हाताला जाणवून देणारे एक छोटे उपकरण तयार केले आणि १९९४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अशा उपकरणांना हॅप्टिक उपकरणे म्हणतात. वापरणाऱ्याच्या हातात पेनसारखी कांडी असते, ती सांधे असलेल्या दांड्याला जोडलेली असते आणि त्या सांध्यांमध्ये मोटारी असतात. कांडीचे टोक अवकाशात नेमके कोठे आहे हे संगणकाला सतत कळत असते. ते टोक पडद्यावरच्या आभासी दाताच्या आत शिरू लागले की ते किती आत गेले हे मोजून संगणक त्या प्रमाणात मोटारींना उलट जोर लावायला सांगतो, आणि हाताला वाटते की कांडी कशाला तरी टेकली.

हे गणित सेकंदाला साधारण एक हजार वेळा करावे लागते. डोळ्यांना सलग हालचाल दिसण्यासाठी सेकंदाला तीस ते साठ चित्रे पुरतात, पण त्वचा आणि स्नायू याबाबतीत फार चोखंदळ असतात. गणनेचा वेग कमी पडला की कडक पृष्ठभाग एक तर थरथरतो किंवा मऊ पडल्यासारखा लागतो. दात कापला जाण्याचा अनुभव देण्यासाठी आभासी दात लाखो सूक्ष्म घनांचा बनवतात. प्रत्येक घनाला आपला कडकपणा दिलेला असतो, इनॅमलच्या घनांना जास्त, डेंटिनच्या घनांना कमी आणि किडीच्या घनांना त्याहून कमी. पायाखालचे पेडल दाबून बर फिरवला की स्पर्श झालेले घन नाहीसे होतात आणि खड्डा तयार होतो. या सगळ्यात एक मर्यादा उरतेच. हातात मावणाऱ्या यंत्राच्या मोटारींना फार जोर लावता येत नाही, त्यामुळे इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ यंत्रावर खऱ्याइतका कठीण लागत नाही.

या पायावर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे प्रयोग उभे राहिले. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात पेरिओसिम तयार झाला, आणि त्याचा विषय दात कापणे हा नव्हताच. हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत प्रोब, म्हणजे खुणा केलेली बारीक सळई, घालून तिची खोली मोजणे आणि हिरडीखाली दातावर साठलेला कडक थर केवळ स्पर्शाने ओळखणे हे कौशल्य तो शिकवत असे. विषयाची ही निवड मला फार विचारपूर्वक केलेली वाटते, कारण ही गोष्ट शिक्षक बाजूला उभा राहून दाखवूच शकत नाही. त्याच्या बोटांना काय जाणवते ते विद्यार्थ्याला दिसत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये २००७ ते २०११ या काळात हॅपटेल हा प्रकल्प चालला. आम्स्टरडॅमच्या दंतवैद्यक महाविद्यालयाने विमानचालकांसाठी सिम्युलेटर बनवणाऱ्या मूग कंपनीबरोबर सिमोडोंट विकसित केला. जगभरच्या महाविद्यालयांत पोहोचलेला हाच सिम्युलेटर असल्यामुळे त्यावर सर्वाधिक अभ्यास झाले. त्यांतला एक निष्कर्ष यंत्र विकत घेणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. आभासी दात सपाट चित्रासारखा न दिसता खोलीसह, म्हणजे दोन्ही डोळ्यांना वेगवेगळे चित्र देऊन दाखवला, तर विद्यार्थ्यांचे काम अधिक चांगले होते. हाताला स्पर्श मिळाला म्हणून डोळ्यांना मिळणारी खोलीची जाणीव वगळून चालत नाही.

यंत्राने किती सांगावे?

१९९० च्या दशकाच्या अखेरीस डेंटसिम या प्रणालीने वेगळा मार्ग धरला. तीत फँटम हेड खरे, प्लास्टिकचा दात खरा आणि बर धरणारा हँडपीसही खरा असतो, पण हँडपीस आणि जबडा या दोन्हींच्या जागेवर कॅमेऱ्यांची नजर असते. विद्यार्थी कापत असताना त्याच क्षणी पडद्यावर त्याच्या कॅव्हिटीचे चित्र उमटते, तिची आदर्श कॅव्हिटीशी तुलना होते, आणि खोली वाढली किंवा भिंत तिरकी झाली की यंत्र लगेच सूचना देते. पहिल्या नजरेला यात काही उणे दिसत नाही. साठ विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत एका शिक्षकाला प्रत्येकाजवळ दोन मिनिटेही थांबता येत नाही, तेथे प्रत्येक क्षणी चूक दाखवणारे यंत्र मिळाले तर आणखी काय हवे, असे कोणालाही वाटेल.

पण हालचालींच्या कौशल्यांवर संशोधन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी याबाबत पूर्वीच सावध केले होते. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये मांडलेला मुद्दा असा की सरावाच्या वेळी सतत आणि ताबडतोब मिळणारी सूचना त्या वेळची कामगिरी सुधारते, पण सूचना काढून घेतली की कामगिरी घसरते, कारण शिकणारा स्वतःची चूक स्वतः ओळखायला शिकलेलाच नसतो. मागून कोणीतरी धरून ठेवलेल्या सायकलवर मूल झकास चालवते, आणि धरणारा हात सुटला की तोल जातो, तशातलाच हा प्रकार. रुग्णाच्या तोंडात काम करताना पडद्यावर लाल खूण उमटत नाही. तेथे विद्यार्थ्याला आपल्या डोळ्यांनी, आरशातल्या उलट्या प्रतिबिंबातून, भिंत तिरकी झाली आहे हे ओळखावे लागते.

म्हणून एकंदर दिशा आता सूचना द्यावी की नाही यापेक्षा ती केव्हा आणि किती द्यावी या प्रश्नाकडे वळायला हवी, आणि काही अभ्यास तसे वळलेही आहेत. काम पूर्ण झाल्यावर दिलेला निकाल, विद्यार्थ्याने आधी स्वतः गुण देऊन मग यंत्राच्या गुणांशी केलेली तुलना, सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी होत जाणाऱ्या सूचना, अशा पद्धती तपासायला हव्यात. यंत्र नवे घेण्यापेक्षा यंत्रावरचा तास कसा आखावा यावर संशोधन करणे स्वस्त आहे, आणि माझ्या मते अधिक उपयोगाचेही आहे.

शिक्षकाची नजर आणि स्कॅनरचे माप

डिजिटल संशोधनाचा दुसरा मोठा प्रवाह मूल्यमापनाचा आहे, आणि त्याचे कारण प्रत्येक विद्यार्थ्याने अनुभवलेले असते. एकच कॅव्हिटी एका शिक्षकाला चांगली वाटते आणि दुसऱ्याला त्यात उणीव दिसते. दोन परीक्षक कितपत एकमताने गुण देतात हे मोजण्यासाठी संख्याशास्त्रात जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला कप्पा गुणांक वापरतात. केवळ योगायोगाने जुळलेले निर्णय तो वजा करतो आणि खऱ्या एकमताचे प्रमाण सांगतो. दंतवैद्यकातील प्रत्यक्ष कामाचे गुण देताना हे एकमत अपेक्षेपेक्षा कमी असते, हे अनेक दशकांपासून पुन्हा पुन्हा आढळले आहे. एकाच शिक्षकाने काही आठवड्यांनी तेच काम पुन्हा तपासले, तरी त्याचे आधीचे आणि नंतरचे गुण नेहमी जुळतातच असे नाही.

याचे एक उदाहरण जवळून पाहू. क्राउन, म्हणजे रुग्णाच्या भाषेत कॅप, बसवण्यासाठी दात चारही बाजूंनी कमी करतात. त्याच्या समोरासमोरच्या भिंती वरच्या दिशेने किंचित एकमेकींकडे कललेल्या असाव्या लागतात. त्या अगदी समांतर राहिल्या तर कॅप वरून सरकतच नाही, आणि फार कलल्या तर चार महिन्यांत निघून हातात येते. पाठ्यपुस्तकात दोन भिंतींचा मिळून सहा अंशांच्या आसपासचा कल आदर्श म्हणून सांगितला जाई. प्रत्यक्षात विद्यार्थ्यांचे आणि अनुभवी दंतवैद्यांचेही काम मोजले, तेव्हा तो कल बहुधा त्याहून पुष्कळ जास्त निघाला. कारण उघड आहे, सहा आणि बारा अंशांतला फरक एवढ्याशा दातावर डोळ्यांना सांगता येत नाही. विद्यार्थ्याला "थोडा टेपर जास्त झालाय, बघ" असे सांगणाऱ्या शिक्षकाकडेही मोजायला काही नसे.

येथे तोंडात फिरवायच्या स्कॅनरने मोठा बदल घडवला. दाताचा आकार प्रकाशाने टिपून त्यावरून यंत्राने दाताचे आवरण तासून काढण्याची सेरेक ही पद्धत झुरिक विद्यापीठात वेर्नर म्योरमान आणि मार्को ब्रांडेस्टिनी यांनी विकसित केली, आणि १९८५ मध्ये तिने पहिल्या रुग्णावर काम झाले. ती जन्माला आली ती उपचारासाठी, शिक्षणात तिचा उपयोग नंतर लक्षात आला. विद्यार्थ्याने कापलेला दात स्कॅन करायचा, त्याच दाताचा आदर्श नमुना त्यावर ठेवायचा, आणि कोठे किती दशांश मिलिमीटर कमी-जास्त कापले गेले ते रंगांत दाखवायचे. प्रेपचेक आणि तशाच इतर संगणक प्रणाली हेच करतात. भिंतींचा कल अंशांत येतो, कडेची रुंदी मिलिमीटरमध्ये येते, आणि विद्यार्थी शिक्षकाच्या सहीची वाट न पाहता आपले माप आपण घेऊ शकतो.

तरीही या प्रणालींमुळे विद्यार्थ्यांचे अंतिम काम सुधारते का, याचे निकाल संमिश्र आहेत. काही अभ्यासांत फरक दिसला, काहींत दिसला नाही. मापन अचूक झाले म्हणजे शिकणे अचूक झाले असे होत नाही. स्कॅनर फक्त जे मोजता येते तेच मोजतो. शेजारच्या दाताला बर घासला का, हिरडीला इजा झाली का, विद्यार्थी पाठ वाकडी करून बसला होता का, रुग्णाला दोनदा थांबावे लागले असते का, हे त्या रंगीत चित्रात येत नाही. शिक्षकाची नजर या गोष्टी टिपते, आणि ती जागा स्कॅनरला देऊन टाकणे शहाणपणाचे होणार नाही.

त्रिमित छपाईचा प्रवाह याच प्रयोगशाळेत, पण कमी खर्चात चालतो, आणि आपल्याकडे सर्वांत लवकर रुजण्यासारखा तोच आहे. जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग विद्यापीठात किडीचा आणि पल्पचा, म्हणजे दाताच्या आतल्या मऊ गाभ्याचा, थर वेगळा दिसेल असे छापील दात विद्यार्थ्यांना देऊन पाहिले गेले. एका रुग्णाच्या सीबीसीटीतून, म्हणजे जबड्याच्या त्रिमित क्ष-किरण चित्रातून, त्याच्या दाताच्या वाकड्या मुळाचा आकार घेऊन तोच दात साठ वेळा छापता येतो. त्यामुळे रूट कॅनॉल शिकताना साठही विद्यार्थ्यांना एकच कठीण कालवा हाताळायला मिळतो आणि त्यांच्या कामाची रास्त तुलना होते. बरणीतल्या दातांनी हे कधीच शक्य झाले नसते.

महामारीने दिलेला धक्का आणि त्यानंतरची कृत्रिम बुद्धिमत्ता

मार्च २०२० नंतर दंतवैद्यक महाविद्यालयांची जी अडचण झाली ती इतर अभ्यासक्रमांपेक्षा वेगळी होती. एअरोटरमधून उडणारे तुषार हेच संसर्गाचे साधन ठरले, त्यामुळे व्याख्याने ऑनलाइन नेता आली तरी हाताचे काम थांबले. त्या दोन वर्षांत ऑनलाइन दंतशिक्षणावर लेखांचा पूर आला. त्यातले बरेचसे आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची प्रश्नावली भरून घेऊन लिहिलेले होते आणि त्यांचे आयुष्य कमीच ठरले. टिकाऊ परिणाम दुसरीकडे झाला. अमेरिकेत परवाना मिळवण्यासाठी खऱ्या रुग्णावर काम करून दाखवण्याची जुनी परीक्षा अनेक राज्यांत कृत्रिम डोक्यावर आणि खास तयार केलेल्या दातांवर घ्यायला सुरुवात झाली. उमेदवाराने स्वतः "योग्य" कीड असलेला रुग्ण शोधून आणायचा, या पद्धतीच्या नैतिकतेवर तेथे अनेक वर्षे आक्षेप होते. संशोधनाने जे काम हळूहळू पुढे नेले असते ते महामारीने एका वर्षात करून टाकले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले, आणि त्यानंतर दंतशिक्षणातल्या संशोधनाचा कल पुन्हा बदलला. भाषेची ही प्रारूपे परीक्षेतील प्रश्न किती अचूक सोडवतात यावर सध्या भरपूर लेख येतात. त्यांचे महत्त्व तात्पुरते आहे असे मला वाटते, कारण प्रारूप बदलले की निष्कर्षही शिळा होतो. रुग्णाची भूमिका घेऊन विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याचा सराव देणे हा त्यांचा उपयोग अधिक आश्वासक आहे, विशेषतः रुग्णाची बोली समजून घेण्यासाठी. "नस दुखते", "दाढ ठणकते", "दाताला सणक येते" या तीन तक्रारींचे अर्थ वेगळे असू शकतात, आणि इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला त्यातला फरक खुर्चीजवळ उभे राहिल्यावरच कळतो.

एक्स-रे वाचनाचे संशोधन त्याहून जुने आणि भरीव आहे. १९८७ मध्ये फ्रान्समध्ये आरव्हीजी ही डिजिटल एक्स-रे पद्धत आली आणि दातांचे चित्र फिल्मऐवजी थेट पडद्यावर दिसू लागले. तेव्हापासून साठत गेलेल्या डिजिटल चित्रांवर आजची कीड ओळखणारी प्रारूपे शिकवली जातात. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका यादृच्छिक चाचणीत असे दिसले की संगणकाची मदत मिळालेल्या दंतवैद्यांना इनॅमलमधली सुरुवातीची कीड अधिक प्रमाणात सापडली, पण त्याचबरोबर दात कापून उपचार करण्याचे त्यांचे निर्णयही वाढू शकतात. सुरुवातीची कीड पुष्कळदा फ्लोराइड आणि स्वच्छतेने थांबवता येते. दिसलेली प्रत्येक सावली बरने काढायची नसते. विद्यार्थ्याला कीड दाखवणे यंत्र शिकवील, पण ती दिसल्यावर थांबायचे केव्हा हे शिकवण्याची जबाबदारी शिक्षकाची राहते, आणि हा विषय अभ्यासक्रमात अजून नीट बसवलेला नाही.

जर्मनीतल्याच ट्यूबिंगन विद्यापीठात आणखी एक काम झाले आहे. तेथे ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, पाहताना अनुभवी दंतवैद्यांचे आणि विद्यार्थ्यांचे डोळे चित्रावर कोठे, किती वेळ थांबतात हे नेत्रमार्ग टिपणाऱ्या उपकरणाने नोंदवले. अनुभवी नजर कशी चालते हे तिच्या मालकालाही शब्दांत सांगता येत नाही. ते मोजता आले तर ते शिकवताही येईल, या आशेवर हे काम चालले आहे.

प्रवाह मोजतात कसे, आणि काय निसटते

"संशोधनाचे प्रवाह" हे शब्द आता एका विशिष्ट पद्धतीला चिकटले आहेत. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स यांसारख्या नोंदकोशांतून एखाद्या विषयावरचे सारे लेख काढायचे, त्यांचे सूचक शब्द एकमेकांबरोबर किती वेळा येतात हे मोजायचे, आणि त्याचा नकाशा बनवायचा. लायडन विद्यापीठातील व्हॉसव्ह्यूअर हे साधन यासाठी सर्रास वापरतात. एकत्र येणारे शब्द त्यात रंगीत पुंजक्यांत दिसतात, आणि वर्षांचा रंग दिला की ई-लर्निंगचा पुंजका जुना, हॅप्टिकचा मधला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा ताजा, असा क्रम समोर येतो. हा नकाशा उपयोगी आहे, पण लोक कशाविषयी लिहितात एवढेच तो सांगतो. ते लिहिलेले खरे ठरले का, याबद्दल तो गप्प असतो. शिवाय तो बहुतांशी इंग्रजीत आणि नोंदलेल्या नियतकालिकांत छापलेल्या लेखांचा असतो, त्यामुळे सिम्युलेटर विकत घेऊ शकणाऱ्या विद्यापीठांचे चित्र त्यात मोठे दिसते.

निकालांची खोली मोजण्यासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या वापरणे मला अधिक योग्य वाटते. पहिली पायरी, शिकणाऱ्याला प्रशिक्षण आवडले का. दुसरी, त्याला काही शिकता आले का. तिसरी, प्रत्यक्ष कामात त्याचे वागणे बदलले का. चौथी, त्याचा अंतिम परिणाम काय झाला, म्हणजे आपल्या विषयात रुग्णाच्या दाताचे पुढे काय झाले. दंतशिक्षणातील डिजिटल संशोधन या चाळणीतून घातले की बहुतेक लेख पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात. विद्यार्थ्यांना सिम्युलेटर आवडतो हे आता इतक्या वेळा सिद्ध झाले आहे की त्यावर आणखी एक प्रश्नावली काढण्यात अर्थ नाही. नव्या यंत्राचे नावीन्यच काही आठवडे उत्साह टिकवते, हेही विसरता येत नाही. सिम्युलेटरवर शिकलेला गट फँटम हेडवरच्या परीक्षेत मागे पडत नाही, असेही पुष्कळ तुलनांत दिसते, पण एका महाविद्यालयाची एक बॅच, दोन गट आणि काही आठवडे एवढ्याच आवाक्याच्या त्या तुलना असतात. रुग्णाच्या तोंडापर्यंत पोहोचणारे अभ्यास अगदी मोजके आहेत. त्याची कारणेही समजण्यासारखी आहेत, कारण विद्यार्थ्याने भरलेल्या दाताचा वर्षभर पाठपुरावा करायचा तर रुग्ण परत यावा लागतो आणि नोंद जुळावी लागते.

महाराष्ट्राचा या विषयाशी खरा संबंध येथे येतो. परदेशी सिम्युलेटरमधील तोंड रुंद उघडते, त्यातले दात स्वच्छ असतात आणि कीड पाठ्यपुस्तकातल्यासारखी असते. आपल्या महाविद्यालयांच्या ओपीडीत बसणाऱ्या रुग्णांपैकी पुष्कळ जण गुटखा किंवा सुपारी खाणारे असतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली, तरी सबम्युकस फायब्रोसिसमुळे, म्हणजे तोंडाचे अस्तर ताठ होण्याच्या विकारामुळे, ज्यांच्या तोंडात दोन बोटेही मावत नाहीत असे तरुण रुग्ण रोज येतात. त्यांच्या मागच्या दाढेपर्यंत हँडपीस पोहोचवणे हे वेगळेच कौशल्य आहे. मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावणाऱ्या बायकांचे घासून झिजलेले दात, आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील विहिरी-बोअरवेलच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे डागाळलेले, ठिसूळ इनॅमलचे दात यांचेही तेच. आभासी रुग्णाचे तोंड किती उघडावे, इनॅमल किती ठिसूळ असावे हे संगणकात बदलता येण्याजोगे आकडे आहेत. ते आपल्या रुग्णांवरून ठरवणे, आणि सबम्युकस फायब्रोसिस असलेल्या जबड्याचे छापील नमुने प्रीक्लिनिकलच्या टेबलावर आणणे, हे संशोधन येथेच होऊ शकते. त्यासाठी युरोपातून कोणी येणार नाही.

चौथ्या पायरीचा अभ्यास करण्यासाठीही महाराष्ट्राची स्थिती अनुकूल आहे. राज्यातली बहुतेक दंतवैद्यक महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, म्हणजे त्यांचा अभ्यासक्रम एक, परीक्षा एक आणि वर्षाचे वेळापत्रकही जवळजवळ एक आहे. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाल्यामुळे अभ्यासक्रम आणि सोयींचे निकष नव्याने लिहिण्याची वेळही आली आहे. काही महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षी छापील दात आणि स्कॅनरचे माप वापरायचे, काहींत नेहमीचीच पद्धत ठेवायची, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी दोन्हींकडच्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या दातांची वर्षभराने तपासणी करायची, असा आराखडा एका महाविद्यालयाला पेलणार नाही, पण विद्यापीठाला पेलेल. त्यासाठी कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. विद्यार्थ्याने कोणत्या तारखेला, कोणत्या रुग्णाच्या कोणत्या दातावर, कोणते काम केले याची नोंद आजही प्रत्येकाच्या कोट्याच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांच्या, वहीत शिक्षकाच्या सहीसह केली जाते. त्या वहीत पुन्हा तपासणीचा एक रकाना वाढवला आणि ती संगणकावर आणली, तर पहिल्या बॅचचे निकाल तिची इंटर्नशिप संपण्याआधी हातात येतील.